बाप दाखव म्हणणाऱ्यांनो

दोस्तांनो, हे परक्यांसाठी नाही. आपल्यासाठीच आहे. पहिल्यांदा माझ्यासाठी.

संगमेश्वरातल्या आमच्या बौद्धवाडीत दादा-वहिनीने सहा वर्षांची पोर आणली. संस्थेतून. दत्तकाचा हुकूम व्हायचा होता. तोवर कागदावर नुसता सांभाळ. पोर उशाखाली भाकरीचा तुकडा लपवायची. दारात गाडी थांबली की वहिनीच्या पदराआड. तिला वाटायचं, न्यायला आले.

आणि आपली वाडी? भिंतीवर बाबासाहेब, तोंडात प्रश्न : रक्त कुणाचं? जात कुठली? बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल!

मीही विचारलं. मुंबईत सभा गाजवणारा मी, फोनवर बोललो, ‘‘वैनी, पोरगी कुणाची हाय?’’

वहिनी म्हणाली, ‘‘भावोजी, माझी.’’

माझी वाचाच बसली.

हा रक्ताचा प्रश्न आला कुठून? जुन्या हिंदू कायद्यात दत्तक म्हणजे मुलगा. तोही स्वजातीचा. कशाला? पिंड द्यायला. अनाथाला तर दत्तकच घेता येत नव्हतं. आईबाप नाहीत, मग देणार कोण? त्याच काळात जोतिबा-सावित्रीने ब्राह्मण विधवेचा यशवंत पोटाशी धरला. १८९० साली जोतिबा गेले, तर भाऊबंद यशवंताच्या हक्कावर उठले. शेवटी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात दत्तकाची जातीची बेडी तोडायला घेतली. बिल अडवलं तेव्हा १९५१ ला मंत्रिपद भिरकावलं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. दत्तकाचा कायदा आला २१ डिसेंबरला. जातीची अट गेली, मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. आणि २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो : हुकूम झाला की मूल त्या घरी जन्मल्यासारखंच.

त्याच १९५६ ला आपण नागपुरात शपथ घेतली, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. पिंड सोडला ना? मग पिंडासाठी जपलेलं रक्त कशाला कवटाळता? मनुस्मृती जाळली म्हणता, तिची राख अजून कपाळाला का?

पोर घाबरते, रात्री दचकून उठते, हे दादा-वहिनी निस्तरतील. सवड लागेल, निस्तरतील. पण शाळेच्या वाटेवर ‘आणलेली’ म्हणून कुणी हाक मारली, तर ते त्या दोघांनी कसं निस्तरायचं? ते काम आपलं.

तेव्हा त्या घरी जा. ओटीवर बसा, चहा प्या, पोरीला नावाने हाक मारा. कुणी रक्त विचारलं, तर त्याला तिथल्या तिथे अडवा. माझ्यासारखा भाषणबाज असेल, तर आधी.

जय भीम.