रायफलची नळी 16 इंचांपेक्षा आखूड केली तर? अमेरिकेतला 92 वर्षं जुना कायदा आणि शून्य डॉलरचा कर

बीजीएमआय खेळणाऱ्यांना 'सॉड-ऑफ' नवीन नाही. पिस्तुलाच्या खान्यात बसणारी, नळी कापलेली ती छोटी शॉटगन. जवळून मारली तर समोरचा गेलाच. तसंच एखाद्या छोट्या बंदुकीला मागे स्टॉक लावायचा असेल तर एक बोट सरकवलं की झालं काम. गेममध्ये याला एक सेकंद लागतो. अमेरिकेत खऱ्या बंदुकीवर हेच सरकारला आधी न विचारता केलं, तर 10 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आणि हे त्या देशात, जिथे बऱ्याच राज्यांत रायफल विकत घ्यायला जेमतेम तासभर लागतो.

हा विषय आत्ता का? कारण 1 जानेवारी 2026 पासून या कायद्यातला 200 डॉलरचा कर थेट शून्य झाला. लगेच सोशल मीडियावर 'आता नळी कापायला मोकळीक' असे रील फिरायला लागले. ते चूक आहे. कसं, ते बघूया.

कायदा नेमका काय म्हणतो?

कायद्याचं नाव नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, थोडक्यात एनएफए. 26 जून 1934 ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. त्यानुसार रायफलच्या नळीची लांबी 16 इंचांपेक्षा (साधारण 40.6 सेंटिमीटर) कमी असेल, किंवा रायफलपासून बनवलेल्या हत्याराची एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी असेल, तर ती साधी रायफल राहत नाही. ती 'शॉर्ट बॅरल्ड रायफल', म्हणजे एसबीआर होते. शॉटगनसाठी नळीची मर्यादा 18 इंच आहे.

एसबीआरवर सरसकट बंदी नाही, हे आधी लक्षात घ्या. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी एटीएफ या केंद्रीय खात्याकडे 'फॉर्म 1' भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, स्थानिक पोलीस प्रमुखाला प्रत पाठवायची, मंजुरीची वाट बघायची आणि मंजुरी हातात आल्यावरच कामाला हात लावायचा. 'आज कापतो, उद्या फॉर्म भरतो' हे चालत नाही. कापलं त्या क्षणी गुन्हा झाला. मंजुरीनंतर बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव, शहर आणि राज्य कोरावं लागतं. त्या कोरीवकामाची खोली किमान किती हवी, हेसुद्धा नियमात लिहिलंय: 0.003 इंच! पुढे ती बंदूक घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर आणखी एक परवानगी.

मोजमापही गमतीचं आहे. नळी बाहेरून टेप लावून मोजत नाहीत. बंदूक रिकामी करून, बोल्ट बंद करून, नळीच्या तोंडातून सरळ काठी आत घालायची आणि बोल्टला टेकेपर्यंत जेवढी आत गेली तेवढी लांबी धरायची. तोंडावर बसवलेला जोडभाग वेल्डिंगसारख्या पद्धतीने कायमचा पक्का केलेला असेल तर तोही मोजतात, नुसता आट्यांवर फिरवून बसवला असेल तर नाही. अमेरिकन लष्कराच्या एम4 ची नळी 14.5 इंच असते. तशीच दिसणारी बंदूक सामान्य नागरिकाला विकायची तर कंपन्या पुढे एक तुकडा कायमचा जोडून आकडा 16 वर नेतात. दीड इंचाचा तो तुकडा म्हणजे, खरं सांगायचं तर, कागदपत्रं टाळायचा खर्च!

पिस्तूल चालतं, मग छोटी रायफल का नाही?

मला या विषयातला सगळ्यात भारी प्रश्न हाच वाटतो. पिस्तूल खिशात लपतं. त्याची नळी चार-पाच इंचांची असते आणि त्याला एनएफए लागू नाही. 15 इंची नळीची रायफल शर्टाखाली लपवता येणं जवळपास अशक्य, तिला मात्र नोंदणी. हा उलटा न्याय झाला ना?

उत्तर 1934 मध्ये आहे. तेव्हा दारूबंदीच्या काळातल्या टोळ्या, डिलिंजरसारखे दरोडेखोर आणि टॉमी गन यांनी वर्तमानपत्रं भरलेली असायची. सरकारच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तूल आणि रिव्हॉल्वरही होती. आता पिस्तुलावर निर्बंध आणले तर लोक काय करतील? रायफलची नळी कापून पिस्तूल बनवतील. ती पळवाट बुजवायला आखूड रायफल आणि शॉटगनचं कलम आलं. पुढे विरोधामुळे पिस्तूल मसुद्यातून वगळली गेली, पण पळवाट बुजवणारं कलम तसंच राहिलं. म्हणजे दरवाजा काढून नेला आणि कडी मात्र चौकटीवर राहिली. गेली 92 वर्षं लोक त्या कडीला अडखळतायत.

16 हा आकडाही काही विज्ञानातून आलेला नाही. आधी रायफललाही 18 इंचच मर्यादा होती, ती 1960 मध्ये 16 वर आली. आणि 200 डॉलर? 1934 मध्ये ती रक्कम इतकी मोठी होती की बंदुकीपेक्षा कर महाग पडायचा. हेतू तोच होता. महागाईप्रमाणे तो आकडा कधीच वाढवला नाही, म्हणून हळूहळू तो लोकांच्या आवाक्यात आला.

काही इंच आणि एक कुटुंब

हे सगळं कागदी वाटत असेल तर रूबी रिजची घटना माहीत हवी. 1989 मध्ये आयडाहो राज्यातल्या रँडी वीव्हर यांनी दोन आखूड नळीच्या शॉटगन एकाला विकल्या. घेणारा एटीएफचा खबऱ्या निघाला. गुन्हा दाखल झाला, वीव्हर कोर्टात हजर झाले नाहीत आणि ऑगस्ट 1992 मध्ये डोंगरावरच्या त्यांच्या घराला केंद्रीय पोलिसांनी वेढा घातला. त्यात एक मार्शल, वीव्हर यांचा 14 वर्षांचा मुलगा आणि तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन दारात उभी असलेली त्यांची पत्नी, असे तिघे मारले गेले. पुढे ज्युरीने शस्त्रांच्या मूळ आरोपातून वीव्हर यांना निर्दोष सोडलं, दोषी ठरवलं ते मुख्यतः कोर्टात हजर न राहिल्याबद्दल. 1995 मध्ये सरकारने कुटुंबाला 31 लाख डॉलर दिले. वीव्हर यांची राजकीय मतं अजिबात पटण्यासारखी नव्हती, पण तो वेगळा मुद्दा. सुरुवात झाली ती नळीच्या काही इंचांवरून.

कोर्टाचा इतिहासही विचित्र आहे. 1939 च्या 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध मिलर' खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा कायदा वैध ठरवला. त्या दिवशी मिलरच्या बाजूने बोलायला कोर्टात कोणीही नव्हतं, आणि निकाल येईपर्यंत खुद्द जॅक मिलरचा खून झाला होता. आज 2026 मध्येही कोर्टं याच निकालाचा आधार घेतात. शिकागोच्या सातव्या सर्किट कोर्टाने 2025 मध्ये एसबीआरची नोंदणी वैध ठरवली, तेव्हा मिलर निकालाचा आधार घेतलाच.

दुसरा निकाल 1992 चा, आणि तो सुट्या पार्टच्या आजच्या जमान्यात जास्त कामाचा. थॉम्पसन सेंटर ही कंपनी एक किट विकायची: एक पिस्तूल, सोबत लांब नळी आणि दस्ता. सगळं नीट जोडलं तर कायदेशीर रायफल. पण आखूड नळी तशीच ठेवून दस्ता लावला तर बेकायदा. मग नुसतं किट विकणं म्हणजेच एसबीआर बनवणं का? कंपनीने 200 डॉलर भरले आणि परताव्यासाठी सरकारवर केस केली. कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: त्या भागांचा कायदेशीर उपयोग आहे, आणि कायदा संदिग्ध असेल तर फायदा नागरिकाला.

याचा उलटा अर्थही ध्यानात ठेवा. घरात असलेल्या सुट्या भागांचा बेकायदा एसबीआर जोडण्याशिवाय दुसरा काहीच उपयोग नसेल, तर बंदूक न जोडताही तुम्ही अडकू शकता. आणि एटीएफच्या मते पिस्तुलाची रायफल करून परत पिस्तूल करता येतं, पण रायफल म्हणून जन्मलेल्या बंदुकीचं पिस्तूल करता येत नाही. दिसायला दोन्ही अगदी सारखी असली तरी!

अमेरिकेत सिरियल नंबर असलेला मधला भाग, म्हणजे रिसीव्हर, तेवढाच कायद्याने 'बंदूक' आहे. नळी, दस्ता हे ऑनलाइन मागवले की कुरिअरने घरी येतात. म्हणजे गुन्ह्याचं सगळं सामान कायदेशीरपणे कार्टमध्ये टाकता येतं. तरुण पोरं फसतात ती इथेच.

ब्रेसचा घोळ

2012 च्या सुमारास पिस्तुलाला मागे लावायचा 'ब्रेस' बाजारात आला. दिव्यांग माजी सैनिकांना एका हाताने बंदूक धरता यावी म्हणून मनगटाभोवती बांधायचा हा पट्टा. एटीएफने तो दस्ता नाही असं मान्य केलं. मग काय, लाखो लोकांनी तो घेतला आणि बरेच जण खांद्याला टेकवून वापरू लागले. जानेवारी 2023 मध्ये एटीएफने भूमिका बदलली आणि ब्रेस लावलेली बहुतेक पिस्तुलं एसबीआर ठरवली. नोंदवा, ब्रेस काढून टाका, नाहीतर गुन्हा. मुदत 31 मे 2023. अशी किती हत्यारं होती? एटीएफचा अंदाज सुमारे 30 लाख, तर अमेरिकन काँग्रेसच्या संशोधन विभागाचा 1 ते 4 कोटी. एका नियमाने इतके लोक गुन्हेगारीच्या उंबरठ्यावर! जून 2024 मध्ये टेक्सासच्या केंद्रीय कोर्टाने तो नियम रद्द केला आणि 2025 मध्ये सरकारनेही अपील सोडून दिलं.

म्हणून एक काम करा. यूट्यूबवर या विषयाचा व्हिडिओ समोर आला की आधी अपलोडची तारीख बघा. 2023 चा व्हिडिओ 'ब्रेस बेकायदा' म्हणेल, 2024 चा '200 डॉलर भरा' म्हणेल. त्या दिवशी दोन्ही बरोबर होते, आज दोन्ही चूक.

शून्य कर, पण नोंदणी कायम

आता ताजी गोष्ट. ट्रम्प यांच्या 'बिग ब्यूटिफुल बिल'मध्ये सायलेन्सर आणि आखूड बंदुका एनएफएमधून पूर्ण वगळायचा प्रयत्न झाला. पण ते बिल अर्थसंकल्पी मार्गाने, साध्या बहुमतावर आणलं होतं. त्या मार्गात फक्त जमा-खर्चाशी संबंधित तरतुदी बसतात. सिनेटच्या पार्लमेंटेरियनने सांगितलं की कर कमी करा, पण नोंदणी काढणं यात बसत नाही. त्यामुळे 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्यात तडजोड उरली: सायलेन्सर, एसबीआर, आखूड शॉटगन यांचा कर शून्य, मशीनगनचे 200 डॉलर तसेच, आणि फॉर्म, ठसे, आधी मंजुरी हे सगळं कायम. शिक्षाही तीच.

इथेच नवीन भांडण पेटलं. 1937 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा टिकवला तो काँग्रेसच्या कर लावण्याच्या अधिकारावर. टेक्सास आणि मिसुरीमध्ये बंदूक संघटनांनी दाखल केलेल्या खटल्यांचा प्रश्न साधा आहे: करच शून्य झाला तर त्या करासाठीची नोंदणी कशाच्या जोरावर? मला हा युक्तिवाद दिसतो त्यापेक्षा मजबूत वाटतो. पण सरकारकडेही उत्तर आहे. व्यापार करणाऱ्यांवरचा वार्षिक कर चालू आहे, मशीनगनवरचा कर चालू आहे, आणि राज्याराज्यांतल्या व्यापारावर नियंत्रणाचा अधिकार काँग्रेसला वेगळा आहेच. अंतिम निकाल सुप्रीम कोर्टातूनच येईल असं वाटतं, म्हणजे अजून बराच काळ.

तुमचा दादा न्यू जर्सीत असेल तर

केंद्राची मंजुरी पुरेशी नसते, राज्याचा कायदा वेगळा. आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात सामान्य माणसाला एसबीआर बाळगताच येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट व्हिसाची. एच-1बी किंवा एफ-1 वर असलेल्या माणसाला शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने कुठलीच बंदूक बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन केलेली मजाही त्यात येऊ शकते, आणि फोटो इन्स्टावर टाकला तर पुरावा आपणच दिला. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, पण शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, कार्ड कितीही वर्षं जुनं असलं तरी.

आणि भारतात?

इथे इंचांचा हिशोबच नाही. शस्त्र कायदा 1959 चं कलम 6 सरळ सांगतं की त्यासाठी वेगळा परवाना नसेल तर बंदुकीची नळी आखूड करायची नाही. किती आखूड, याला मर्यादा दिलेली नाही. अर्धा इंच कापली तरी तेच कलम. शेतीच्या रक्षणासाठी आजोबांच्या नावावर परवान्याची बंदूक असेल, तर तो परवाना बाळगण्याचा आहे, कापण्याचा नाही. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने कलम 25 मधली शिक्षाही वाढली: आधी 3 ते 7 वर्षं होती, आता किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.