पिसाळलेला कोल्हा आणि सरकारची तिजोरी


ज्वारीच्या राखणीला गेलेल्या माणसाला पिसाळलेला कोल्हा चावतो, आखाड्यावरचा बैलही सुटत नाही. स्वित्झर्लंडने १९७८ साली कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकायला सुरुवात केली. १९९९ पर्यंत तिथल्या कोल्ह्यांतला रेबीज संपला. आपल्याकडे रोगाचा खरा साठा गावकुत्र्यांत. तेव्हा पैसा आधी तिथे लागावा. गोवा सरकारने संस्थेला हाताशी धरून कुत्र्यांना लस टोचली, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केले. केंद्राचा २०३० पर्यंतचा आराखडाही २०२१ चाच. नांदेड-लातूरच्या किती खेड्यांत कुत्री टोचली, हे जिल्हा परिषदेने गाववार सांगावे. लस आणि सीरम तालुक्याला हेलपाटे न घालता मिळावे. चावलेल्या बैलाच्या इंजेक्शनांचा खर्चही सरकारने उचलावा. (चावल्याबरोबर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा, चुना-मिरची लावू नका.)