मालक बदलतो तेव्हा

बेळगावजवळच्या कंग्राळी, यमनापूर, काकतीकडच्या घरांत आजही ‘इंडालात कामाला होते’ असेच सांगतात. वास्तविक मार्च २००० मध्येच कॅनडाच्या अल्कनने इंडाल या अॅल्युमिनियम कंपनीतला आपला हिस्सा बिर्लांच्या हिंडाल्कोला विकला. सात वर्षांनी त्याच हिंडाल्कोने सुमारे ६०० कोटी डॉलरच्या व्यवहारात नोव्हेलिस घेतली. ही नोव्हेलिस २००५ मध्ये अल्कनमधूनच वेगळी झालेली. मालक बदलणे म्हणजे काय, हे आपण दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. त्यामुळे भारतीय कंपन्या जपानमध्ये कारखाने घेऊ लागल्या आहेत, या बातमीने नुसती मान ताठ करून आपले भागणार नाही. लुपिनने २००७ मध्ये क्योवा ही औषध कंपनी घेतली आणि २०१९ मध्ये विकायला काढली. मदरसनने २०२४ मध्ये याचियोचा मोटारभागांचा व्यवसाय ताब्यात घेतला. नव्या मालकाच्या खुर्चीत आता आपली माणसे आहेत.

जपानी कारखान्यात कामाची रीत वेगळी. जुन्या कंपन्यांत एखादा प्रस्ताव आला, की त्याचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. ज्याचा त्याचा लाल शिक्का त्यावर उमटतो. कागद साहेबापर्यंत पोचतो तोवर वाद मिटलेले असतात आणि मग अंमलबजावणी झपाट्याने होते. बाहेरून आलेल्या मालकाला यात फक्त दिरंगाई दिसते. तो बैठकीत हुकूम सोडतो. समोरचे सगळे माना डोलावतात. ती मान ‘ऐकले’ एवढेच सांगते, ‘पटले’ असे नाही, हे त्याला महिनाभराने काम जागचे हललेले नसते तेव्हा कळते.

निस्सानचे उदाहरण म्हणूनच नीट पाहायला हवे. १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनोने या जपानी मोटार कंपनीतला ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि कार्लोस घोन यांना पाठवले. पाच कारखाने बंद, २१ हजार नोकऱ्यांत कपात, ज्येष्ठतेनुसार बढतीला फाटा. जन्मभराच्या नोकरीवर विसंबलेल्या कुटुंबांवर हा घाव होता आणि नंतरच्या विक्रमी नफ्याने तो झाकता येत नाही. तरीही ती योजना तडीस गेली, कारण तिचा आराखडा निस्सानच्याच मधल्या फळीतल्या माणसांच्या गटांनी तयार केला होता. पुढे बिनसले ते मानापमानावरून. रेनोकडे वाढून ४३ टक्के झालेला हिस्सा आणि मताधिकार. निस्सानकडे रेनोचा १५ टक्के हिस्सा, पण मत शून्य. २०१८ मध्ये घोन यांना अटक झाली. मताधिकाराची बरोबरी व्हायला मात्र २०२३ उजाडले. एवढी वर्षे हा सल कोणी काढला नाही, हे आमच्या मते मूळ दुखणे.

आपल्या कंपन्यांनी खरेदीच्या करारातच दोन गोष्टी घालाव्यात. जुने फोरमन आणि पर्यवेक्षक किमान दोन वर्षे हलवायचे नाहीत. आणि पहिल्या वर्षी कामाच्या पद्धतीत बदल करायचा तर त्याचा मसुदा त्यांच्याकडूनच यावा. जुन्या पुरवठादारांनाही एका फटक्यात तोडू नये. ऑर्डर थांबली की छोट्या कारखान्याची काय गत होते, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांना सांगावे लागत नाही.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्या बेळगावात आहे. इथून बाहेर पडणारी मुले उद्या अशा कंपन्यांत जपानला जातील. त्यांना जपानी भाषा आणि तिथले कामगार व्यवहार शिकवणारा अभ्यासक्रम विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करावा आणि त्याच्या वर्गात मालकी बदलताना पाहिलेल्या इथल्या निवृत्त कामगारांना शिकवायला बोलवावे.