न लिहिलेले डिझेल

लक्ष्मीपूजनाला चोपडीची पूजा करणारा आपला समाज वर्षाचे उरलेले दिवस त्या चोपडीशी फारसे बोलत नाही. किराणा दुकानदार निदान उधारी तरी लिहितो. पण ज्याचा धंदाच चाकांवर आहे, तो छोटा टेंपोवाला बहुधा काहीच लिहीत नाही. भाडे खिशात येते, त्याच खिशातून डिझेल जाते आणि संध्याकाळी जे उरते ती कमाई. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, वाशीच्या बाजार समितीबाहेर, नाशिकच्या द्राक्ष हंगामात धावणारे कितीतरी ‘छोटे हत्ती’ अशा एका खिशावर चालतात. बँकेच्या नोकरीत कर्जाच्या टेबलावर मी असे खिसे पुष्कळ पाहिले. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत पंपावरच्या चिठ्ठ्या घेऊन येई, कोणी तेवढेही आणीत नसे. “साहेब, धंदा चांगला चाललाय,” हे सगळ्यांचे एकच वाक्य. ते बहुतेक वेळा खरेही असे. मात्र ते सिद्ध करणारा कागद नसे.

हिशेब का लिहीत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : “आम्हाला सरकारची सवलत आहे.” हे खोटे नाही. १९९४ साली आयकर कायद्यात मालवाहतूकदारांसाठी एक तरतूद आली. ज्याच्याकडे दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत, त्याने जमाखर्चाच्या वह्या ठेवल्या नाहीत तरी चालेल. गाडीमागे ठरावीक उत्पन्न धरून कर आकारला जाईल. आज बारा टनांपर्यंतच्या गाडीसाठी हा आकडा दरमहा ७,५०० रुपये आहे. त्याहून जड वाहनांना टनामागे दरमहा १,००० रुपये. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या आयकर कायद्यातही ही सोय कायम आहे. डिझेल, टायर, दुरुस्ती, घसारा हे सारे खर्च त्यात आधीच धरले जातात. म्हणजे एका छोट्या टेंपोचे वर्षाचे उत्पन्न ९०,००० रुपये. चिठ्ठी नको, वही नको.

अल्पशिक्षित, रस्त्यावर राबणाऱ्या माणसाला कज्जेदलालीतून सोडवणारी ही तरतूद चांगलीच आहे. पण तिच्यातील एक वाक्य आपण सोयीने विसरतो. दरमहा ७,५०० किंवा प्रत्यक्ष मिळवल्याचे सांगितलेले उत्पन्न, यांपैकी जे अधिक असेल ते, असे कायदा म्हणतो. हा आकडा किमान आहे. आपल्याकडे मात्र तोच सर्वांचा ठरलेला आकडा झाला. तीन लाख मिळवणाराही ९०,००० लिहितो आणि पाच लाख मिळवणाराही तेवढेच लिहितो. डिझेलची नोंदच नसल्याने आपण खरोखर किती मिळवले, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

यात वाचते काय? कर वाचतो, असा समज आहे. तो आता तपासून पाहायला हवा. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर पडत नाही. तीन लाख लिहिले काय आणि ९०,००० लिहिले काय, कर शून्यच. विवरणपत्र भरावे लागेल, पैसे भरावे लागणार नाहीत. एका जुन्या भीतीपोटी आपण खरे उत्पन्न लपवतो, आणि त्या लपवण्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजतो.

पहिली किंमत बँकेत. समजा, दुसरा टेंपो घ्यायचा आहे आणि सहा लाखांचे कर्ज हवे आहे. अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता साधारण तेरा हजार रुपये येतो. विवरणपत्र सांगते, महिन्याचे उत्पन्न साडेसात हजार. आता अधिकाऱ्याने काय करावे? माणूस म्हणून समोरच्यावर विश्वास ठेवता येतो. अधिकारी म्हणून तो कागदावरच ठेवावा लागतो. मग तोच माणूस चढ्या व्याजाच्या खासगी कर्जाकडे वळतो. न भरलेल्या करापेक्षा ते व्याज कितीतरी जास्त असते.

दुसरी किंमत बोलायला जड आहे. पण रविवारी घरातली सगळी माणसे एकत्र असतात, म्हणून ती आजच बोलली पाहिजे. रस्त्यावरच्या माणसाचे काही बरेवाईट झाले आणि चूक समोरच्या वाहनाची असली, तर कुटुंबाला मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळते. ती ठरवण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मधील निकालांनी घालून दिली आहे. मृताचे उत्पन्न हा तिचा पाया, आणि उत्पन्नाचा एक प्रमुख पुरावा म्हणजे आयकर विवरणपत्र. अडतीस वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला, मागे चार अवलंबित असलेला गृहस्थ घ्या. उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि उरलेल्याला १५ ने गुणायचे. उत्पन्न ९०,००० असेल तर रक्कम होते १४,१७,५००. तीन लाख असेल तर ४७,२५,०००. दोहोंतला फरक तेहतीस लाखांहून अधिक. न्यायालये इतर पुरावेही पाहतात. पण वर्षानुवर्षे स्वतःच्या सहीने लिहून दिलेल्या आकड्याविरुद्ध घरच्या बाईने कुठले साक्षीदार उभे करायचे?

तिसरी किंमत रोजची आहे आणि ती डिझेलमध्येच दडलेली आहे. हिशेबाच्या सोयीसाठी डिझेल लिटरला ९० रुपये धरू. गाडी दिवसाला १२० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. रोज आठ लिटर, म्हणजे ७२० रुपये. आता हवेचा फिल्टर तुंबला, टायरमधली हवा कमी झाली, ब्रेक चाकाला घासू लागला किंवा नोकर ड्रायव्हरचा हात टाकीपर्यंत पोहोचला, आणि सरासरी बारावर आली. रोज दहा लिटर, ९०० रुपये. फरक १८० रुपयांचा. महिन्याच्या २६ दिवसांत ४,६८०, वर्षाला ५६,१६०. ज्या गाडीचे उत्पन्न आपण ९०,००० लिहून देतो, तिची एवढी रक्कम धुरावाटे जाते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते, ते हेच.

मोठ्या कंपनीला ही चिंता कमी असते. तिच्या वाहतूक करारात डिझेलच्या दराप्रमाणे भाडे बदलण्याचे कलम घालता येते. छोट्याचे भाडे ‘गेल्या वर्षी जे दिले तेच’ या न्यायाने ठरते. त्यात इंधनाच्या किमतीची पूर्वीची शाश्वती गेली. सरकारने ठरवून दिलेल्या दरांची पद्धत कागदोपत्री २००२ मध्ये संपली, डिझेल खऱ्या अर्थाने ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, आणि जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची रीत देशभर आली. मे २०२० मध्ये डिझेलवरचे केंद्रीय शुल्क लिटरला ३१ रुपये ८३ पैशांवर गेले होते; दोन वर्षांनी ते १५ रुपये ८० पैशांवर आले. एवढ्या चढउतारात भाडे मात्र जागच्या जागी.

वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ ला आला, पण पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर राहिले. नोंदणी असलेल्या कारखानदाराला यंत्रावर भरलेल्या कराची वजावट मिळते. डिझेलमधल्या कराची कोणालाच मिळत नाही. तो भाड्यातूनच वसूल व्हायला हवा. परिषदेने तारीख ठरवली तर डिझेल या करात येऊ शकते, तशी घटनेत तरतूद आहे. पण केंद्र आणि राज्ये दोघांचाही महसूल त्यावर अवलंबून असल्याने ती तारीख लवकर उजाडेल, असे मला वाटत नाही. मागणी जरूर लावून धरावी. तोवर छोट्या माणसाच्या हातात उरते ती त्याची वही.

ही वही काही किर्द-खतावणी नव्हे. शाळेची शंभर पानी पुरेल. रकाने पाच : तारीख, मीटरवरचे किलोमीटर, लिटर, रुपये आणि त्या दिवसाचे भाडे. टाकी काठोकाठ भरावी, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरावी. मधल्या किलोमीटरला लिटरने भागले की सरासरी निघते. पंपावरची चिठ्ठी उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असते, काही महिन्यांत कोरी होते. म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर तिचा फोटो काढावा. पैसे शक्यतो खात्यातून द्यावेत. स्वतःचा माल वाहणारे जे दुकानदार नियमित वह्या ठेवतात, त्यांनी तर हे पाळावेच. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च सहसा मान्य होत नाही. आणि पंपावरून कोरी बिले आणून घरी आकडे भरण्याचा जो उद्योग चालतो, तो करूच नये. खोटे बिल करखात्याला फसवील की नाही ठाऊक नाही, पण आपल्याच धंद्याची सरासरी ते हमखास बिघडवते.

ही वही टेंपोवाल्यानेच लिहायला हवी असेही नाही. तो रात्री दमून येतो. बायको, कॉलेजातली मुलगी, मीटर वाचता येणारा मुलगा, कोणीही पाच मिनिटांत लिहू शकते. तेच अधिक बरे. घराची गाडी किती चालते, किती खाते आणि किती कमावते, हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तरी ठाऊक असले पाहिजे. मार्चअखेर तो आकडा करसल्लागारापुढे ठेवावा आणि सांगावे, “यंदा हाच लिहा.”