गिरणीचा पास पुरात गेला, तर पुरावा शोधायचा कोणी?

महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून मुंबईत लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांची नातवंडे आज एकच प्रश्न घेऊन फिरतात : आजोबा नेमके कोणत्या गिरणीत होते? घरात उत्तर मिळते ते ‘साचेखात्यात होते’ एवढेच. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी अर्ज केलेल्या वारसाचे तेवढ्यावर भागत नाही. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर होता, हे कागदाने दाखवावे लागते. लाल पास, तिकीट क्रमांक, हजेरीपत्रक, पगाराची पावती, यांपैकी काहीतरी हातात हवे.

हे कागद होते घरातल्या ट्रंकेत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडले गेले, त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली आणि महाड शहरात सावित्रीचे पाणी शिरले. ज्यांचे घरच उरले नाही, त्यांच्याकडे चाळीस वर्षांपूर्वीचा पास मागणे अन्यायाचे आहे.

पुरावा मात्र सगळा बुडालेला नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ पासून कापडगिरण्यांना लागू आहे. त्या खात्याच्या क्रमांकात आधी आस्थापनेचा संकेतांक असतो, मग कामगाराचा स्वतःचा क्रमांक. चिठोऱ्यावरचे गिरणीचे नाव पुसले गेले, तरी संकेतांकावरून गिरणी ओळखता येते. कामगार राज्य विमा योजनेचा क्रमांकही असाच उपयोगी पडतो. गावाकडे शाळांची जनरल रजिस्टरे आहेत, जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, मुंबईकर गावमंडळांच्या वर्गणीच्या वह्या आहेत. त्यांतून माणूस, बापाचे नाव आणि वाडी पक्की होते. मग हजेरीपटावरच्या एकाच नावाच्या दोघांतला आपला कोण, हे ठरवता येते.

यात जाणकार माणूस लागतो. रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे. त्याआधीच्या पत्त्यांत ‘जि. कुलाबा’ असणार. गिरण्यांचीही नावे बदलली. जेकब ससून मिल पुढे इंडिया युनायटेड क्रमांक १ झाली. वाडीतल्या एकट्यादुकट्या वारसाने हे सारे जुळवत मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सैल पुरावे स्वीकारले तर खोटे दावेदार घुसतील, अशी हरकत घेतली जाते. ती रास्त आहे. पण खोटेपणा पकडला जातो तो नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्याने. एकाच कागदावर अडून बसले, तर खरा कामगारच बाहेर राहतो.

शासनाला हे काम नवे नाही. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा शाळांची आणि महसुलाची जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, लाखो नोंदी सापडल्या. तीच यंत्रणा गिरणी कामगारांसाठी का चालू नये?

महाड आणि पोलादपूरच्या तहसील कचेऱ्यांत म्हाडा, भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा या तिन्ही खात्यांचे कर्मचारी एकत्र बसवून शोधशिबिरे घ्यावीत. दरड-पूरग्रस्त कुटुंबांना मूळ कागदाच्या अटीतून सूट द्यावी आणि गावातील नोंदी पूरक पुरावा म्हणून मान्य कराव्यात. १९८२ च्या गिरणी संपात होते ते कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. शिबिरे येत्या पावसाळ्याआधी लागली, तर त्यांतले काही जण स्वतः येऊन आपले खाते आणि आपला मुकादम सांगू शकतील.

– एक वाचक, पोलादपूर