पत जपणारा लोकप्रतिनिधी : प्रा. मधू दंडवते

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी व्यापारी घराण्यांत जुनी वही मिटली जाते आणि नव्या वहीचे पूजन होते. सरलेल्या वर्षाची जमा-नावे पाहून घ्यावी, देणे राहिले असेल तर मान्य करावे आणि मगच पुढील पानावर केशराचे स्वस्तिक काढावे, हा पूर्वजांनी घालून दिलेला रिवाज. याच दीपावलीच्या आगेमागे, १२ नोव्हेंबर रोजी, प्रा. मधू दंडवते यांचा स्मृतिदिन येतो. ज्या लोकप्रतिनिधीचा हिशेब अशाच वहीच्या शिस्तीने तपासावा आणि तो तपासताना संकोच वाटू नये, अशांपैकी ते एक होते.

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. पदार्थविज्ञान हा त्यांचा अध्यापनाचा विषय. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ तो शिकविला. १९४२ च्या आंदोलनाने त्यांना सार्वजनिक जीवनात आणले, समाजवादी विचाराने तेथे स्थिर केले आणि १९५५ साली ते गोवा मुक्तीच्या सत्याग्रहातही उतरले. १९७१ साली बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले आणि तेव्हापासून सलग पाच निवडणुकांत तोच कौल दिला. आणीबाणीत ते बंगळूरच्या, तर त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या कारागृहात होत्या. पुढे १९८० साली प्रमिलाताईही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

१९७७ साली मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्या काळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील बाके लाकडी फळ्यांची होती. गावाकडून मुंबईस माल भरण्यास येणारा छोटा दुकानदार असो की गिरणीकामगार, रात्रभर त्या फळीवर अंग आखडून पडणे त्याच्या नशिबी असे. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसविण्याचे काम सुरू केले. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून घेणे हा त्यांचा हेतू नव्हता; दुसऱ्या वर्गाला वर आणणे हा होता. त्याच वर्षी मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस धावू लागली, तीत वर्गभेदच नव्हता. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना त्यांच्याच कारकिर्दीत पुन्हा सेवेत घेण्यात आले.

या सर्व निर्णयांत एक समान सूत्र दिसते. सामान्य माणूस विश्वासास पात्र आहे, हे दंडवते गृहीत धरून चालत. सराफी पेढीच्या भाषेत सांगायचे तर, ते माणसाची पत मान्य करीत.

या सूत्राचा सर्वांत थेट लाभ व्यापारी समाजाला झाला तो १९९० साली. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री होते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांची आठवण सराफी घराण्यांतील वडीलधाऱ्यांना आजही बोचते. चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली आणि असंख्य सुवर्णकारांची भट्टी विझली. कॅरेटचे बंधन पुढे सैल झाले. परंतु १९६८ च्या कायद्याने सोन्याची लगड अथवा बिस्किट घरी बाळगणे हाच गुन्हा ठरविला. सराफाला परवाना, कारागिराला प्रमाणपत्र, नोंदवह्यांची तपासणी. आणि घरातील दागिने ठरावीक वजनापुढे गेले की सरकारला कळविण्याचे बंधन. आजीने नातीसाठी जपलेल्या पाटल्याही संशयाच्या तराजूत पडल्या. सोन्याची हौस मात्र कायद्याने कमी झाली नाही. ती चोरट्या मार्गाने भागविली जाऊ लागली. प्रामाणिक पेढीचा माणूस कागदपत्रांत गुंतला आणि तस्कर मोकळा राहिला.

जून १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला. यात दोन गोष्टी विशेष आहेत. सुवर्ण नियंत्रण ज्या मोरारजीभाईंनी आणले, त्यांच्याच मंत्रिमंडळात दंडवते पूर्वी मंत्री होते; तरी व्यक्तीविषयीचा आदर त्यांच्या निर्णयाच्या आड आला नाही. दुसरे असे की, व्यापाऱ्याकडे संशयाने पाहतात अशी ज्यांची ख्याती, त्या समाजवाद्यांपैकीच एकाने सराफाच्या दारावरचा हा पहारा उठविला. जो कायदा पाळणाऱ्याला शिक्षा करतो आणि मोडणाऱ्याला धंदा देतो, तो टिकवू नये, इतका साधा विवेक त्यामागे होता.

वही प्रामाणिकपणे वाचायची तर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. त्याच वर्षी कृषी व ग्रामीण कर्जमुक्तीची योजना आली. शेतकरी, कारागीर आणि विणकर यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी माफ झाली. जाणीवपूर्वक कर्ज बुडविणाऱ्यांना वगळण्याची अट होती. परंतु अडचणीमुळे थकलेला कोण आणि मुद्दाम थकविणारा कोण, याचा निवाडा शाखेच्या टेबलावर सहज होत नाही. ज्याने सावकाराकडे गहाण ठेवून बँकेचा हप्ता भरला होता, त्याला काहीच मिळाले नाही. हप्ता न भरणे हेच शहाणपण, अशी भावना गावोगाव रुजू लागली आणि वसुलीची शिस्त सावरण्यास बँकांना पुढे बराच काळ लागला. गरिबाची दया खरी होती, पण विश्वासाला पडताळणीची जोड अपुरी पडली. दंडवते यांच्या चाहत्यांनीही हे मान्य करावे. त्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही.

जमेच्या बाजूला मात्र एक नोंद अशी आहे की, तिचे व्याज कोकण आजही खात आहे. कोकणात रेल्वे नेण्याचे स्वप्न नाथ पै यांच्यासारख्यांनी पाहिले होते. दंडवते यांनी त्याला पैशाची वाट दाखविण्यात मोठा वाटा उचलला. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळला. अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडी थोडी रक्कम मिळत राहिली असती, तर काम पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले असते. म्हणून जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला. उरलेली बहुतांश रक्कम कर्जरोख्यांच्या रूपाने उभारण्यात आली. भागीदारीने पेढी काढावी आणि पतीवर भांडवल उभे करावे, हीच ही रीत. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्णपणे खुला झाला.

परंतु त्यापूर्वीच, १९९१ च्या निवडणुकीत, राजापूरने दंडवते यांना पराभूत केले होते. रुळांचे काम सुरू झाले आणि ज्यांनी त्यासाठी झटून पाठपुरावा केला, त्यांचीच खासदारकी गेली. त्यांनी मतदारांना बोल लावला नाही. मतदारसंघाशी असलेला स्नेह त्यांनी कौलाच्या आकड्यांवर कधी तोलला नाही. पुढे १९९६ ते १९९८ या काळात त्यांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सांभाळले.

२००१ च्या अखेरीस प्रमिलाताई गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवते यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय ८१ होते. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिव जे. जे. रुग्णालयाला वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आले. देशाचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या या गृहस्थाने जाताना स्वतःचा देहही आपल्याकडे ठेवला नाही. अपरिग्रहाचे व्रत ज्या घरांत बालवयापासून कानी पडते, त्या घरांना यातील अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आज कोकणाकडे जाणाऱ्या गाडीत मऊ बाकावर निवांत झोपलेल्या तरुणाला दंडवते हे नाव ठाऊक असेलच असे नाही. पेढीवर बसणाऱ्या नव्या पिढीलाही सुवर्ण नियंत्रणाचा जाच ऐकूनच माहीत. यंदा नव्या वहीचे पूजन करताना घरातील वडीलधाऱ्यांनी त्या दिवसांची गोष्ट मुलांना एकदा सांगावी, आणि तो पहारा कोणी उठविला, तेही सांगावे. उपकाराची नोंद वहीत राहिली पाहिजे. ती फेडणे शक्य नसले तरी.