ऊसबिल, पोरगं आणि मोठी मोटारसायकल



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल लिहितो. यावेळी मोटारसायकलीबद्दल लिहीत आहोत. शेतकी खात्याचा माणूस या विषयात कशाला शिरला, असे काहींना वाटेल. पण बिल खात्यावर जमा झाले, की आठ-पंधरा दिवसांत गावात किती नव्या गाड्या आल्या हे गट ऑफिसच्या दारात बसल्या जागी दिसते. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आता शंभर सीसीच्या राहिलेल्या नाहीत. पोरगं नुकतंच अठराचं झालेलं, घरची स्कूटीसुद्धा धड चालवलेली नाही, आणि हट्ट मात्र साडेतीनशे नाहीतर चारशे सीसीचा.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. शिकाऊ पोराला पहिली गाडी म्हणून असली ताकदीची मोटारसायकल देऊ नये. एक गळीत हंगाम आणि एक पावसाळा त्याने लहान गाडीवर काढावा, मग घ्यायची ती खुशाल घ्यावी.

ताकद म्हणजे किती, याचा हिशेब मांडून बघू. शंभर सीसीच्या साध्या गाडीला आठेक अश्वशक्ती असते आणि तिचे वजन सव्वाशे किलोच्या आत भरते. साडेतीनशे सीसीच्या बुलेटच्या जातीची गाडी दोनशे किलोच्या घरात जाते, ताकद वीस अश्वशक्ती. आपल्या पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएमची ३९० घेतली, तर वजन बुलेटपेक्षा कमी आणि ताकद चाळीसच्या वर, म्हणजे साध्या गाडीच्या पाचपट. या दोन्ही मोठ्या गाड्या एका मापाने मोजू नयेत. बुलेट सावकाश वेग घेते, तिचा धोका वजनात. कॅनॉलच्या भरावावर मुरुमात पाय सरकला, की पंचावन्न किलोचं पोरगं तिला सावरू शकत नाही. दुसरी अंगाने हलकी, पण मनगट जरा पिरगळले की सुटली.

आणि नवशिक्याचे मनगट पिरगळतेच. कुत्रे आडवे आले, खड्डा दिसला, की तो दचकून मूठ आवळतो आणि आवळताना ॲक्सिलेटर आणखी ओढला जातो. लहान गाडी अशा वेळी जरा हिसका देते, फार तर बंद पडते. मोठी गाडी झेप घेते. आम्ही स्वतः वडिलांच्या एम-८० वर शिकलो. तिच्यावरून किती वेळा पडलो याची गणती नाही, पण उठून दुधाचे कॅन पुन्हा लावण्याइतके धड राहिलो.

उसाचेच उदाहरण घ्या. नत्राची पूर्ण मात्रा लागणीलाच टाका, असे आम्ही सांगितले तर तुम्ही आम्हाला वेड्यात काढाल. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि राहिलेले ४० मोठ्या बांधणीला, ही शिफारस तुम्हाला तोंडपाठ आहे. मुळे धरण्याआधी दिलेला युरिया उसाला लागू होत नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो. खत तेच, पण वेळ चुकलेली.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही. दोन हंगामांपूर्वी थोरल्या भावाचा आडसाली ऊस चांगला उतरला. पुतण्या बारावीत, अठरा पूर्ण. भावाने आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "घे की दादा, एकुलतं एक पोरगं आहे." पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही आमचीच. गाडी आली, पेढे वाटले. हेल्मेट मिळाले होते, ते प्लॅस्टिकच्या पिशवीतच माळ्यावर गेले.

गाडी येऊन महिना झाला नव्हता. जानेवारीतली संध्याकाळ, उसाच्या फडांमुळे रस्त्यावर धुके. कॅनॉलच्या रस्त्याला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, चाकापाशी चार दगड लावलेले. पोराने ब्रेक दाबला तेव्हा खाली डांबर नव्हते, चाकांनी चेचलेला ऊस आणि चिखल होता. गाडी घसरत ट्रॉलीखाली गेली. मांडीचे हाड मोडले, रॉड घालावा लागला. बारावीची परीक्षा हुकली.

दवाखान्यात आम्ही त्याला भरपूर बोललो. तो एवढेच म्हणाला, "तात्या, ट्रॉली दिसलीच न्हाई वो." खोटे बोलत नव्हता. ती ट्रॉली आपल्याच कारखान्याच्या करारातली होती. हंगामाच्या सुरुवातीला करारातल्या वाहनांना रेडियम आणि मागचा दिवा आहे का, हे बघण्याचे काम आमच्याच खात्याचे. म्हणजे जामिनावर सही आमची, आणि न तपासलेली ट्रॉलीही आमच्याच हद्दीतली. पोराच्या माथी सगळे मारून मोकळे होणे सोपे होते, काही दिवस आम्ही तेच केले.

आमच्याशी वाद घालणारे सभासद आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, मोठ्या गाडीला डिस्क ब्रेक, रुंद टायर, एबीएस. लहान गाडीला साधे ड्रम ब्रेक, मग सुरक्षित कोण? थोरल्या सभासदांना १९८३ साली आलेली राजदूत ३५० आठवत असेल. तीसेक अश्वशक्ती आणि पुढे-मागे ड्रम ब्रेक. ती पळायची झकास, थांबायची मात्र तिच्या मर्जीने. त्या मानाने आजच्या गाड्या पुष्कळ सुधारल्या. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे आहे. पण एबीएस चाक अडकू देत नाही, एवढेच त्याचे काम. चिखलाच्या वळणावर ते गाडीला धरून ठेवत नाही, आणि दिव्याच्या पलीकडचे दाखवतही नाही. डिपरच्या उजेडात फार तर चाळीस-पन्नास मीटर दिसते. ताशी ऐंशीच्या वेगात कोरड्या डांबरावरही थांबायला साठेक मीटर लागतात. चाळीसच्या वेगात वीस-बावीस पुरतात.

दुसरे म्हणणे असे, की दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडायला लहान गाडीत दम नसतो. गणित करा. ट्रॅक्टर वीसच्या वेगाने चालला आहे आणि तुम्ही पन्नासने, तर पाचेक सेकंदांत आणि सत्तर मीटरमध्ये तो मागे पडतो. समोरून येणाऱ्यासाठी तेवढाच रस्ता आणखी मोकळा धरा. एवढे कुठल्याही शंभर सीसीच्या गाडीला जमते. तेवढा सगळा रस्ता मोकळा दिसत नसेल, तर चाळीस अश्वशक्ती असूनही मागेच राहायचे असते.

कायदा या बाबतीत आपल्याला फारशी मदत करत नाही. गिअरच्या मोटारसायकलीचे लायसन्स एकच, ते शंभर सीसीला चालते तसे हजार सीसीलाही. इंग्लंडात सतराव्या वर्षी १२५ सीसी आणि सुमारे पंधरा अश्वशक्तीपर्यंतचीच गाडी मिळते, एकोणिसाव्या वर्षी सत्तेचाळीसपर्यंतची, आणि कितीही ताकदीची थेट हवी असेल तर चोविसावे लागावे लागते. त्या हिशेबाने आपली साडेतीनशेची बुलेटसुद्धा अठरा वर्षांच्या पोराला मिळाली नसती. आपल्याकडे ती पायरी घरातच बांधावी लागेल. अठराच्या आतल्या पोरांबद्दल मात्र कायदा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अशा मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

विम्याची एक गोष्ट भावाला आणि आम्हालाही उशिरा कळली, म्हणून मुद्दाम लिहितो. गाडीबरोबर पंधरा लाखांचा जो सक्तीचा अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालकाचा असतो, आणि मालकाकडेही चालू लायसन्स हवे. आपल्याकडे गाडी बापाच्या नावावर आणि चालवणार पोरगं. पोराच्या मोडलेल्या पायाला त्या विम्यातून एक पैसा मिळाला नाही. तेव्हा गाडी ज्याने चालवायची त्याच्या नावावर घ्या, किंवा त्याचा वेगळा अपघात विमा उतरवा.

संचालक मंडळाकडे आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. सभासदाच्या मुलासाठी गाडीचे कर्ज देताना मुलाचे पक्के लायसन्स बघितल्याशिवाय पतसंस्थांनी मंजुरी देऊ नये, असे कारखान्याने त्यांना सुचवावे. आणि रेडियम व मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीला काट्यावर नंबर देऊ नये, मग ती कुणाचीही असो. दुसऱ्या गोष्टीने काही वाहतूकदार नाराज होतील, त्यात आमचे चांगले ओळखीचेही आहेत. वार्षिक सभेत हा विषय निघाला, तर सभासदांनी हात वर करताना ओळख बाजूला ठेवावी ही विनंती. तोवर अशी ट्रॉली दिसली, तर नंबर टिपून गट ऑफिसला कळवा, सांगणाऱ्याचे नाव बाहेर जाणार नाही.

पुतण्या आता थोडा लंगडत चालतो. कॉलेजला आमची जुनी शंभर सीसीची गाडी नेतो, हेल्मेट घालून. मोठी गाडी दुरुस्त करून भावाच्या गोठ्याशेजारी झाकून ठेवली आहे. अधूनमधून गिऱ्हाईक येते, कापड उचलून बघते आणि किंमत विचारते. भाऊ आधी त्यांनाच विचारतो, "चालवणार कोण?"